गेटचा स्कोअर आला, आता एमटेकचा अर्ज कुठे भरायचा? मोबाईलवरून प्रवेश सांभाळण्याची पूर्ण माहिती

गेटचा निकाल साधारण मार्चमध्ये लागतो. त्या दिवशी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर स्कोअरकार्ड झळकतं, घरी पेढे येतात. आणि मग बरेच जण एक गोष्ट गृहीत धरतात: आता स्कोअर चांगला आहे म्हटल्यावर कॉलेजचा मेल येईलच. एप्रिल जातो, मे जातो, मेल काही येत नाही. चौकशी केली की कळतं, अर्जाची मुदत कधीच संपलीये.

हा गोंधळ होण्यामागे कारण आहे. बारावीनंतर जेईई दिली की आयआयटी आणि एनआयटी दोन्हीसाठी जोसा नावाचं एकच पोर्टल असतं. तिथे पसंतीक्रम भरला की पुढचं सगळं तिथेच होतं. एमटेकला असं एक खिडकीचं काम नाहीये. इथे परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा आणि सीट स्वीकारणं पुन्हा वेगळं. सीट हातची जाते ती बहुतेक वेळा या तीन टप्प्यांच्या मधल्या फटीत. म्हणून आज आपण हे तिन्ही टप्पे समजून घेऊया आणि ते मोबाईलवरून कसे सांभाळायचे तेही बघूया.

एक नाही, तीन दरवाजे

पहिला दरवाजा म्हणजे परीक्षा. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थीसुद्धा गेट देऊ शकतात. निकालाच्या तारखेपासून स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणजे तिसऱ्या वर्षी दिलेली परीक्षा पदवीनंतरही कामी येते.

दुसरा दरवाजा म्हणजे अर्ज. प्रत्येक आयआयटीचं स्वतःचं ॲडमिशन पोर्टल आहे. मुंबईला अर्ज केला म्हणजे मद्रासला झाला, असं होत नाही. पाच ठिकाणी हवं असेल तर पाच अर्ज आणि पाच वेळा फी. ही पोर्टल्स निकालाच्या आसपास उघडतात आणि काहींची मुदत दोन-तीन आठवड्यांतच संपते.

तिसरा दरवाजा म्हणजे ऑफर स्वीकारणं. आयआयटींच्या एमटेक ऑफर एकाच ठिकाणी दिसाव्यात म्हणून कॉमन ऑफर ॲक्सेप्टन्स पोर्टल आहे. मुलं त्याला कोॲप म्हणतात. बंगळुरूची आयआयएससीही एमटेकसाठी यात असते. इथे नोंदणी मोफत आहे आणि नोंदणी केल्यावर मिळणारा नंबर आयआयटीच्या अर्जात टाकावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ: कोॲपवर नोंदणी करणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. कोॲप फक्त तुम्हाला आलेल्या ऑफर दाखवतं. संस्थेकडे अर्जच नसेल तर तिथे ऑफर दिसणार कुठून?

कोणत्या कॉलेजसाठी कोणतं पोर्टल?

- आयआयटी आणि आयआयएससी: प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र अर्ज आणि ऑफरसाठी कोॲप.
- एनआयटी आणि केंद्राच्या इतर काही संस्था: सीसीएमटी. नोंदणी, फी आणि पसंतीक्रम सगळं याच पोर्टलवर. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी हेच.
- महाराष्ट्रातली कॉलेजं: राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप.

ही तिन्ही पोर्टल्स एकमेकांशी बोलत नाहीत. कोॲपवर नाव आहे म्हणून सीसीएमटीत आपोआप येत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही भरा.

एमएस्सीवाल्यांनाही हेच लागू आहे. जॅम परीक्षा दिल्यावर आयआयटीच्या एमएस्सीसाठी वेगळा प्रवेश अर्ज भरावा लागतो आणि एनआयटींसाठी सीसीएमएन हे वेगळं पोर्टल आहे.

कोॲपवर ऑफर आली, आता कोणतं बटण दाबायचं?

कोॲपच्या फेऱ्या साधारण मेपासून सुरू होतात. प्रत्येक फेरीत ऑफर बघून निर्णय द्यायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. समोर तीन पर्याय येतात:

- ॲक्सेप्ट अँड फ्रीझ: हीच सीट घेतली, विषय संपला. यानंतर पुढच्या फेऱ्यांमध्ये दुसरी ऑफर येणार नाही.
- रिटेन अँड वेट: ही ऑफर हातात ठेवली, पण पुढच्या फेरीत आणखी चांगली मिळते का ते बघतो.
- रिजेक्ट अँड वेट: ही नको, पुढचं बघू. नाकारलेली ऑफर पुन्हा येईल या आशेवर राहू नका.

समजा, तुम्हाला कॉम्प्युटर सायन्स हवंय आणि पहिल्या फेरीत दुसऱ्याच शाखेची ऑफर आली. ती अगदीच नको असेल तरच रिजेक्ट करा. "काहीच नाही मिळालं तर ही चालेल" असं वाटत असेल, तर रिटेन हा पर्याय त्यासाठीच आहे. पण रिटेन किती वेळा आणि कोणत्या फेरीपर्यंत करता येईल, याचे नियम त्या वर्षीच्या सूचनांमध्ये दिलेले असतात. ते आधी वाचून ठेवा.

आणि काहीच बटण दाबलं नाही तर? ऑफर गेली. गावी लग्नाला गेलो होतो, रेंज नव्हती, ही कारणं सर्व्हरला कळत नाहीत. म्हणून फेऱ्यांच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. फेरीच्या पहिल्या दिवशी एक आणि शेवटच्या दिवशी सकाळी एक, असे दोन अलार्म लावा. मेलच्या भरवशावर राहू नका, स्वतः लॉगिन करून बघा.

आणखी एक सापळा. ॲक्सेप्ट अँड फ्रीझ केल्यावरही काम संपत नाही. त्या संस्थेच्या पोर्टलवर जाऊन दिलेल्या तारखेपर्यंत फी भरावी लागते. ती राहिली तर फ्रीझ केलेली सीटही वितळते.

सीसीएमटीत शब्द थोडे वेगळे आहेत. फ्रीझ म्हणजे मिळालेली सीट पक्की. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, पण वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर चालेल. फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीचं कोणतंही कॉलेज चालेल. इथे वरची सीट मिळाली की जुनी आपोआप जाते. त्यामुळे पसंतीक्रम भरताना खरोखर आवडणारं वर आणि तडजोडीचं खाली, हा क्रम अजिबात चुकवू नका.

बटण दाबण्याआधी ऑफर कोणत्या प्रकारची आहे तेही बघा. टीचिंग असिस्टंटशिपच्या सीटवर दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. पण काही सीट सेल्फ-फायनान्स असतात, त्यात खर्च आपला. कोर्सचं नाव सारखंच दिसतं, घरच्या बजेटला मात्र दोन वर्षांत मोठा फरक पडतो.

दाखले: इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो

ओबीसी विद्यार्थ्यांनी हे नीट वाचा. आयआयटी आणि एनआयटीला राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेयर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. मागच्या वर्षीचा दाखला ड्रॉवरमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू आर्थिक वर्षाचाच लागतो.

तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हेही आधी तपासा. राज्याची यादी आणि केंद्राची यादी सारखी नाही. राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या संस्थांमध्ये लागू होत नाही.

सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात गेल्यावर "केंद्राच्या नमुन्यातला हवाय" असं स्पष्ट सांगा. उत्पन्नाचे पुरावे मार्चमध्येच जमवून ठेवा, म्हणजे एप्रिल लागला की लगेच अर्ज करता येईल. राज्याच्या कॅपमध्ये राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्याला बराच वेळ लागतो, त्यामुळे ते काम आधीच सुरू करा.

डिजीलॉकरमधला फरक

डिजीलॉकरमध्ये दोन प्रकारची कागदपत्रं असतात. "इश्यूड" म्हणजे बोर्ड किंवा सरकारी खात्याकडून थेट आलेली. नियमानुसार ती मूळ कागदपत्राइतकीच ग्राह्य आहेत. "अपलोडेड" म्हणजे आपण फोटो काढून टाकलेली. ती फक्त साठवण आहे, तिला तो दर्जा नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीट इश्यूड विभागात मिळतायत का ते आजच बघून घ्या.

स्कोअरकार्डही वेळेत उतरवा. गेल्या काही वर्षांचा नियम असा की ३१ मेपर्यंत ते मोफत डाउनलोड होतं आणि त्यानंतर ५०० रुपये लागतात.

फोटो अपलोड का होत नाही?

फोनचा १२ मेगापिक्सेल कॅमेरा साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. त्याची फाइल काही एमबीची होते आणि फॉर्मला हवी असते काहीशे केबीची. स्क्रीनशॉट काढून फाइल लहान करायचा जुगाड करू नका, चेहरा आणि सही धूसर होते. त्याऐवजी:

१. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर फोटो घ्या.
२. आधी क्रॉप करा, मग गॅलरीतल्या रिसाइज पर्यायाने पिक्सेल कमी करा. केबी आपोआप उतरतील.
३. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर करा आणि फक्त सहीपुरता भाग ठेवा.
४. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, म्हणजे फोटो जेपीईजीमध्ये सेव्ह होईल.
५. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा घसरतो.

कागदपत्रांसाठी गूगल ड्राइव्हमधला स्कॅन पर्याय वापरा, थेट पीडीएफ होते. आधार, मार्कशीट कुठल्याही अनोळखी "फाइल छोटी करा" वेबसाइटवर चढवू नका. आधार नंबर पूर्ण मागितला नसेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

सीजीपीए विचारला असेल तर सीजीपीएच लिहा. टक्के मागितले असतील तर विद्यापीठाचं अधिकृत सूत्र वापरा. मनानेच १० ने गुणलेला आकडा पडताळणीच्या वेळी अडचणीत आणतो.

पैसे कटले, पण फॉर्मवर "पेंडिंग" दिसतंय

घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी ट्रान्झॅक्शन आयडी लिहून घ्या, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा. यूपीआयने दुकानदार किंवा संस्थेला केलेलं पेमेंट पोहोचलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

पण पैसे परत आले म्हणजे फॉर्म भरला गेला असं नाही! मुदत संपायला दोन तास असताना पेमेंट अडकलं, तर नंतर आलेल्या रिफंडचा काय उपयोग? म्हणून फी किमान तीन-चार दिवस आधी भरा. फॉर्म भरून झाला की ब्राउझरच्या प्रिंट पर्यायातून त्याची पीडीएफ सेव्ह करा.

स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर

फॉर्म नेट कॅफेत भरला तरी ईमेल आणि मोबाईल नंबर तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा मेल आयडी दिला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातील आणि ऑफरच्या वेळी त्याचं दुकान बंद असेल. ज्या नंबरवर नोंदणी केलीये त्याचा रिचार्ज ऑगस्टपर्यंत संपू देऊ नका.

लिंक टेलिग्राम ग्रुपवरून उघडू नका. आयआयटी आणि एनआयटीच्या पत्त्यांच्या शेवटी सहसा "डॉट एसी डॉट इन" असतं आणि सरकारी साइटला "डॉट गव्ह डॉट इन" किंवा "डॉट निक डॉट इन". "मॅनेजमेंट कोट्यातून आयआयटीची सीट" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा, असा कोटा आयआयटीत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आज दहा मिनिटांत करायचं काम

फोनमध्ये "एमटेक" नावाचा एक फोल्डर करा. त्यात फोटो, सही, मार्कशीट, दाखले आणि स्कोअरकार्ड ठेवा. सोबत एका नोटमध्ये प्रत्येक संस्थेसमोर तीन रकाने करा: अर्ज केला का, फी भरली का, ऑफर कुठे दिसणार. आठवड्यातून एकदा ती नोट उघडा. ज्या संस्थेसमोरचा रकाना रिकामा दिसेल, त्या दिवशी आधी तेवढं काम उरका.

तुमच्या वर्गात गेट दिलेलं आणि मेलची वाट बघत बसलेलं कोणी असेल, तर त्याला ही माहिती आजच पाठवा.