स्वस्तातली रग

2014 च्या जूनमध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात प्लिमथ कंपनीची 1971 सालची ‘हेमी कुडा’ ही उघडणाऱ्या टपाची मोटार 35 लाख डॉलरना विकली गेली. 2020 च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमी इथे ‘बुलिट’ चित्रपटातल्या स्टीव्ह मॅक्क्वीनच्या हिरव्या मस्टँगवर 34 लाखांची बोली लागली. अमेरिकी मसल कारबद्दल आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बातम्या अशाच, आणि त्यामुळे हा कोट्यधीशांचा छंद आहे असा समज होतो. शिवाय जुन्या हिंदी चित्रपटांतली लांबलचक इम्पाला डोळ्यांसमोर असल्याने अमेरिकी गाडी म्हणजे श्रीमंती हे समीकरण आपल्याकडे आधीच पक्के. मला मात्र पुराव्यावरून उलटेच दिसते. मसल कार जन्मली ती स्वस्त गाडी म्हणून. तिचा वारसा आज कोण चालवतो हे ठरवायचे, तर काचेआडच्या कुडापेक्षा घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणाऱ्या सहा सिलिंडरच्या मस्टँगकडे आणि चार दारांच्या शेव्हरोले नोव्हाकडे आधी पाहायला हवे.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सने 1963 च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना मोटारशर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले होते आणि मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही असा दंडकही होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवे मॉडेल काढले तर वरिष्ठांची मंजुरी लागणार. मग ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या साध्यासुध्या गाडीवर सुमारे 295 डॉलर जादा भरून घ्यायचा ‘ऑप्शन’ म्हणून मोठ्या पाँटिअ‍ॅकचे 389 घन इंचांचे इंजिन द्यायचे. 389 घन इंच म्हणजे जवळजवळ 6,375 सीसी. आठ सिलिंडरांत वाटले तर एकेका सिलिंडरच्या वाट्याला 797 सीसी येतात, म्हणजे आपल्या मारुती 800 चे अख्खे इंजिन! आणि एवढे सगळे तीन हजार डॉलरच्या आत, जेव्हा अमेरिकी कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न 6,600 डॉलरच्या घरात होते. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या. बाकीची गाडी, म्हणजे सांगाडा, दारे, काचा, डॅशबोर्ड, ही कोणीही बाजारहाटाला नेत असे त्याच टेम्पेस्टची होती. ओळखीच्या गाडीत अनोळखी ताकद, एवढीच या कल्पनेची पुंजी.

प्लिमथने 1968 मध्ये ‘रोड रनर’ काढताना हे सूत्र आणखी ताणले. तोवर जीटीओसारख्या गाड्यांना क्रोम, बकेट सीट, गालिचे चिकटत गेले होते आणि ज्या पोरांसाठी त्या होत्या त्यांच्याच आवाक्याबाहेर त्या चालल्या होत्या. प्लिमथने पुढे सलग बाकडेवजा सीट ठेवली, जमिनीवर गालिच्याऐवजी रबर अंथरले, 335 अश्वशक्तीचे 383 घन इंचांचे इंजिन बसवले आणि किंमत 2,896 डॉलर लावली. चैनीचा खर्च फक्त एक: कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव आणि त्याचा ‘बीप-बीप’ वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला दिलेले 50,000 डॉलर. त्या वर्षी सुमारे 45,000 रोड रनर खपल्या. त्यांतल्या जेमतेम हजारभर गाड्यांतच, सातशेहून अधिक डॉलर मोजून घ्यावे लागणारे, ‘हेमी’ नावाचे इंजिन होते. लिलावात आज ज्याला सोन्याचा भाव येतो ते हेमी तेव्हाही अपवाद होते. साधी 383 हाच नियम.

मग या गाड्या महाग झाल्या कशा? आधी त्या कवडीमोल झाल्या म्हणून. साठचे दशक संपता संपता विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि मोठे इंजिन या जोडीवर जबर हप्ते लावले. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यापाठोपाठ 1971 पासून जनरल मोटर्सने शिसेविरहित पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून इंजिनांचा दाब उतरवला, आणि ऑक्टोबर 1973 च्या तेलबंदीने उरलीसुरली हौस फेडली. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी दारात कोण ठेवणार? त्या वापरलेल्या बाजारात पडत्या भावाने आल्या, कॉलेजच्या पोरांनी घेतल्या, शर्यतींत पिदवल्या, इंजिने बदलली, ठोकल्या आणि भंगारात घातल्या. पुढे ती पोरे पन्नाशीला पोहोचली, हातात पैसा आला आणि वाचलेल्या थोड्या गाड्यांवर उड्या पडल्या. दुर्मिळता ही अशी मागाहून आलेली गोष्ट आहे.

त्या दुर्मिळतेबरोबर संग्राहकांचे एक नवे सोवळेही आले. इंजिनावरचा क्रमांक चेसिसच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, म्हणजेच ‘नंबर्स मॅचिंग’. कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने ओढलेल्या खुणा आणि घाईत उडालेले रंगाचे फवारेही पुन्हा जसेच्या तसे काढले जातात. बेफिकिरीने बनवलेल्या गाडीची बेफिकिरी इतक्या काळजीने पुन्हा घडवणे यात विनोद आहे, पण तो संग्राहकांना सांगू नये. ज्या काळाची ही निष्ठा, त्या काळात मालक पहिल्या आठवड्यातच कार्ब्युरेटर बदलत आणि इंजिन फुटले तर भंगारवाल्याकडून मिळेल ते बसवत.

स्वस्तातला हौशी आज नेमके हेच करतो. 1965-66 च्या मस्टँगचे उदाहरण घ्या. मस्टँग ही मुळात फोर्डच्या फाल्कन या काटकसरी गाडीच्या सांगाड्यावर उभी राहिलेली, 2,368 डॉलरपासून मिळणारी गाडी. तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन असलेल्या पुष्कळ निघाल्या आणि त्यांना आजही व्ही-8 च्या मानाने कमी भाव मिळतो. ओळखायची खूण सोपी: चाकाला चार नट असतील तर गाडी सहा सिलिंडरची, पाच असतील तर व्ही-8. चेसिस नंबरातले पाचवे अक्षर ‘टी’ असेल तर 200 घन इंचांचे सहा सिलिंडर, ‘सी’ किंवा ‘ए’ असेल तर 289 चे व्ही-8. चार नटांच्या गाडीला चेसिस नंबरात ‘सी’ असेल, तर कोणीतरी बदलाबदल केलेली आहे. जाणता गिऱ्हाईक मात्र इंजिनाआधी पाण्याची बाटली मागतो. वायपरखालच्या जाळीत पाणी ओतायचे आणि आत वाकून पाय ठेवायची जागा पाहायची. तिथे ओल आली, तर आतला पत्रा गंजलेला आहे. तो दिसत नाही आणि बदलायचा तर गाडीचे तोंड जवळजवळ उकलावे लागते. गाडी चालू आहे की बंद, याला त्यापुढे फारशी किंमत नाही.

नोव्हाची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1968 नंतरच्या नोव्हाचा पुढचा सांगाडा शेव्हरोलेच्याच पहिल्या पिढीच्या कॅमेरोशी बराचसा मिळताजुळता आहे. त्यामुळे कॅमेरोसाठी बाजारात जे ब्रेक, स्प्रिंगा आणि सस्पेन्शनचे भाग मिळतात त्यांतले पुष्कळसे आजोबांच्या चार दारांच्या नोव्हालाही बसतात. इंजिन म्हणून 1999 पासूनच्या शेव्हरोले पिकअपमधले 5.3 लिटरचे व्ही-8 भंगार यार्डात सहज मिळते. कागदावर त्याची अश्वशक्ती पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे जुन्या जीटीओच्या 325 पेक्षा कमी वाटते. पण 1971 पर्यंतचे आकडे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर काढून टेबलावर मोजलेले असत. 1972 पासून हे सगळे जोडून मोजू लागले. तो फरक धरला तर ट्रकचे इंजिन जीटीओच्या मागे पडत नाही. कुटुंबाची गाडी आणि मोठ्या गाडीचे इंजिन, म्हणजे डिलोरियन यांचीच कृती.

यावर पहिला आक्षेप येतो तो नकलेचा. शेव्हरोलेच्या साध्या शेवेलवर ‘एसएस’ या ताकदवान आवृत्तीचे बिल्ले लावून ती असली म्हणून विकणारे आहेत, आणि 1966 ते 1968 ची एसएस चेसिस नंबराच्या 138 या सुरुवातीवरून ओळखता येते, तरी 1969 पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाल्याने तो नंबरात दिसतच नाही. 1964-65 च्या जीटीओचेही तेच. ज्या पळवाटेने ती जन्मली त्याच पळवाटेमुळे नंबर तिची साक्ष देत नाही, कारखान्याच्या जुन्या नोंदी काढाव्या लागतात. फसवणूक ती फसवणूकच. पण ती बिल्ला लावून खोटे बोलण्यात आहे. ‘ही सहा सिलिंडरची होती, मी व्ही-8 बसवले’ असे सांगून विकणाऱ्याने कोणाचे काही लुबाडलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘स्वस्त’ हा शब्दच फसवा, कारण गाडी थोडक्यात मिळाली तरी दुरुस्तीला तिच्या किमतीच्या दुप्पट लागतात. हे खरे आहे, आणि ते डेंटिंग-पेंटिंगच्या मजुरीमुळे खरे आहे. यांत्रिक भाग स्वस्त राहिले, कारण शेव्हरोलेचे छोटे व्ही-8 1955 पासून इतक्या प्रचंड संख्येने बनले की त्याचे भाग जिकडेतिकडे मिळतात. पत्रा आणि रंग मात्र माणसाच्या तासांवर चालतात. म्हणून खालचा पत्रा शाबूत असलेली, रंग उडालेली, दाराला पोचा पडलेली गाडी घ्यायची आणि ती तशीच चालवायची, हा या मंडळींचा शहाणपणा. ब्रेक सुधारायचे, तीन ठिकाणी अडकवायचे पट्टे बसवायचे, रंगाकडे पाहायचे नाही. धुराबद्दल मात्र बचाव करण्यात अर्थ नाही. या गाड्या घाण धूर सोडतात, वर्षाला थोडेच मैल धावतात म्हणून खपून जातात.

जतन करणारे म्हणतील की मूळ गाड्या राखल्या नाहीत तर पुढच्यांना खरे रूप कळणार कसे. मान्य, आणि थोड्या राखल्याच पाहिजेत. पण वर्षानुवर्षे त्या दोन दारांच्या नामवंत गाड्या राखण्यासाठी चार दारांच्या कित्येक गाड्या सुट्या भागांसाठी कापल्या गेल्या, त्याचे कोणी सुतक पाळले नाही. आता 1969 च्या कॅमेरोची आणि साठच्या दशकातल्या मस्टँगची संपूर्ण बॉडी नवी कोरी बनवून मिळते. डायनाकॉर्न ही कंपनी ती परवान्यानिशी विकते. जिची प्रत हवी तेवढी निघू शकते ती कॅमेरो, आणि जिची बॉडी पुन्हा कोणी बनवणार नाही ती चार दारांची नोव्हा.