गिरण्यांची जमीन कुणाच्या वाट्याला?

गिरणगावातील टॉवर पाहून अनेकांना वाटते की गिरण्या बुडाल्या आणि जमीन आपोआप बिल्डरांकडे गेली. तसे झालेले नाही. त्यामागे एक नियम होता.

1982च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो कधी अधिकृतपणे मिटलाच नाही आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. उरली ती मध्य मुंबईतील सुमारे 600 एकर जमीन. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम 58ने तिची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. मालकांनी मग जुन्या शेड न पाडता त्यांतच कार्यालये आणि दुकाने थाटली, कारण पाडकाम केले की वाटणी आली.

2001मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीतील मुळात रिकाम्या असलेल्या जागेची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन मालकाचीच. गिरणीचा बहुतेक भाग शेडखालीच असतो, त्यामुळे मैदाने आणि घरांचा वाटा पार आटला. या बदलाला आव्हान दिले गेले तेव्हा उच्च न्यायालयाने 2005मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

माझ्या मते हा शहरातील सर्वांत मोठा अन्याय आहे. घरासाठी दीड लाखांच्या आसपास कामगार व वारसांनी अर्ज केले, आणि त्यांतील अनेकांपुढे आता मुंबईबाहेर दूरच्या शेलू-वांगणीचा पर्याय ठेवला जातो. परळ-लालबागमध्ये आयुष्य घालवलेल्यांना!