दुखणे सांगणे म्हणजे बेसबरी नव्हे

मेंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात धावपळ सुरू होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतले घर असो की खेड्यातले, पैशांची जुळवाजुळव होते, दुआ मागितल्या जातात. एक प्रश्न मात्र राहून जातो : रुग्णाला किती दुखते आहे? अम्मी, दादी तर 'अल्लाह शिफा देईल' म्हणत दुखणे गिळतात. सबर मोठी गोष्ट आहे. पण डॉक्टरांपासून दुखणे लपवणे म्हणजे सबर नव्हे.

खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी, स्नायू आणि मेंदूवरचे आवरण. म्हणूनच कातडी इंजेक्शनने बधिर करून, रुग्णाला जागे ठेवून काही ऑपरेशने करता येतात. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात अशी ऑपरेशने झाली आहेत.

ऑपरेशनपूर्वी गाठीभोवतालच्या सुजेने डोके दुखते. अनेकांना सकाळी जास्त, उलटीसह. सूज उतरवण्यासाठी बहुधा डेक्सामेथासोन देतात. ते जेवणानंतर घ्यावे, मनाने एकदम बंद करू नये. त्याने रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास डॉक्टरांना सांगावे. रमजान असला तरी गोळी चुकवू नये; आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. मेडिकलमधून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन परस्पर आणून देऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

ऑपरेशननंतरचे पहिले 48 तास जास्त दुखते. दुखणे वाढण्याची वाट न पाहता पॅरासिटामॉल ठरल्या वेळी देतात. जास्त गुंगी आणणारी औषधे मात्र जपून देतात, कारण रुग्ण शुद्धीवर कसा आहे हे वारंवार तपासायचे असते. नर्स विचारेल, 'शून्य ते 10 मध्ये किती दुखते?' खरा आकडा सांगावा. बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या, तळमळ घरच्यांनी ओळखून सांगावी.

घरी आल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, झटके, ताप आला, मान आखडली, रुग्ण गुंगू लागला किंवा जखमेतून, नाकातून पाणी आले, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.

दुआ जरूर करा. पण उशाशी बसून आधी एवढे विचारा, 'अम्मी, किती दुखतंय? खरं सांगा.'