चांदीचे सूक्ष्मकण आणि पिण्याचे पाणी

बीड जिल्ह्यात पाऊस अनिश्चित असतो. टंचाईच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे अनेक गावांची भिस्त टँकरवर राहते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेली कुटुंबे तर फडाजवळच्या कोपींत राहून कालव्याचे किंवा विहिरीचे मिळेल ते पाणी पितात. असे पाणी दिसावयास निवळ असले तरी त्यात हगवण व विषमज्वराचे जंतू असू शकतात. त्याचा पहिला घाला लहान मुलांवर पडतो. विजेवाचून चालणारी चांदीच्या सूक्ष्मकणांची गाळणी अशा ठिकाणी उपयोगी पडते.

मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण ते नॅनोकण होत. अख्खी ज्वारी सावकाश भिजते, पीठ तत्काळ भिजते. त्याचप्रमाणे चांदीचे कण जितके बारीक, तितका तिचा अधिक भाग पाण्यास लागतो. त्यातून सुटणारे चांदीचे आयन जंतूंच्या आवरणास इजा करतात व त्यांची प्रथिने निकामी करतात.

पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेची ‘सुजल’ ही स्वस्त गाळणी तयार झाली होती. पुढे अशा राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे यंत्र बाजारात आले. त्याची एक नळी सुमारे ३,००० लिटर पाणी शुद्ध करील, असे त्या वेळी सांगण्यात आले होते.

मात्र या साधनाच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. चांदीने पाण्यातील क्षार किंवा फ्लोराइड निघत नाहीत. काही परजीवींच्या कवचयुक्त अवस्थाही तिला दाद देत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावी; म्हणून घरगुती प्रयोग करू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लोकांस समजावून द्याव्यात :

१. विहीर व टँकर यांचे निर्जंतुकीकरण ब्लीचिंग पावडरनेच करावे. निवळ पाण्यास दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर लागते. अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणी घ्यावी. शेष क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. कमी भरल्यास मात्रा वाढवावी.

२. गढूळ पाणी तुरटीने निवळून व फडक्याने गाळून मगच गाळणीत ओतावे.

३. मुदत संपताच गाळणीची नळी बदलावी.

४. शुद्ध पाणी झाकून ठेवावे व ओगराळ्यानेच घ्यावे. शुद्ध पाण्यात बुडालेला मळका हात सर्व श्रम व्यर्थ घालवितो.

५. गाळणी नसेल तेथे पाणी खळखळून उकळून प्यावे.

सामुदायिक पाण्यास क्लोरीन व घरच्या पाण्यास गाळणी अशी दुहेरी राखण ठेवावी. एकीच्या भरवशावर दुसरी सोडू नये.