कानांनी पाहणारे डॉल्फिन

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यांवर ठोके सुरू असले की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. जहाजांच्या वर्दळीत डॉल्फिनची तीच गत होते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा कानच कामाचे: टकटक आवाज सोडायचा, प्रतिध्वनी टिपायचा, मासा कुठे आहे ते ताडायचं.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर केतकी जोग आणि कोकण सिटेशियन रिसर्च टीमने कुबड असलेल्या डॉल्फिनचा अभ्यास केला. ओळख पटवायची ती पाठीवरच्या पराच्या फोटोवरून. कुणाच्या पराला खाच, कुणाचा कोपरा तुटलेला, कुणावर जुना ओरखडा. काम मात्र चिकाटीचं. पर पाण्याबाहेर दिसतो तो क्षणभरच.

मासळी जिथे, तिथे डॉल्फिन आणि तिथेच मच्छीमारही. नायलॉनच्या बारीक धाग्याचा प्रतिध्वनी क्षीण असतो, त्यामुळे जाळं वेळेत कळत नाही आणि श्वासाला वर येता न आल्याने डॉल्फिन गुदमरतो. डॉल्फिन जाळी फाडतात हा मच्छीमारांचा रागही खोटा नाही. म्हणूनच राज्याची २०१८ची योजना मला शहाणपणाची वाटते: अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई.