घूं घूं करणारी पेटी आणि जमिनीतली तार



या पानावर मी तुमच्याशी नेहमी कपाशीवरची बोंडअळी, तुरीवरचा मर रोग आणि संत्र्याची फळगळ याबद्दल बोलतो. आज मात्र एका पेटीची गोष्ट सांगणार आहे. 'साहेब, हा शेतीचा विषय नव्हे,' असे म्हणून पान उलटू नका. शेवटी ही गोष्ट तुमच्या विहिरीवरच्या मोटारीपर्यंतच येऊन पोचणार आहे.

तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे आमचे गाव. रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि कार्तिक वद्य प्रतिपदेला इथे दहीहंडी होते. अशा गावात भजनाला काय तोटा! मी चौथीत असताना आमच्या बाबांनी भजनी मंडळासाठी घरीच एक ॲम्प्लिफायर बांधला. त्या काळी ट्रान्झिस्टर महाग नव्हता, पण बाबांचा भरवसा व्हॉल्व्हवर. पत्र्याच्या चॅसीवर ईसीसी८३ जातीचे दोन छोटे व्हॉल्व्ह, ईएल८४ ची जोडी आणि वीज एका दिशेने वळवणारा ईझेड८१. बाबा डाग देत आणि मी बॅटरी धरून उभा राहत असे. माझे तेवढेच शिक्षण. पुढे मी शेतकीचा पदवीधर झालो, पण हात ते विसरले नाहीत.

बाबा गेले, मंडळाने नवा तयार संच घेतला आणि ती पेटी माळ्यावर पडली. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने ती खाली काढली. तो अमरावतीला कॉलेजात शिकतो आणि गिटार वाजवतो. व्हॉल्व्हमधून गिटारचा आवाज गोड निघतो, जोरात वाजवला तरी कानाला टोचत नाही, असे त्याने कुठेसे ऐकले होते, आणि ते खरेही आहे. म्हणूनच ट्रान्झिस्टर १९४७ सालीच निघाला असूनही जगभरचे गिटारवाले अजून व्हॉल्व्ह सोडत नाहीत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते आजही तयार होतात.

पोराने पेटी पुसली, गिटार जोडली, बटण दाबले; आणि सूर निघण्याआधी घरभर 'घूंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला. आठ दिवस तो तिच्याशी झगडत होता. दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या पेटीपायी पोरगं रात्र रात्र झोपत नाही. देऊन टाका भंगारवाल्याले."

पोरगा केविलवाणा होऊन म्हणाला, "काका, प्रतिपदेले मंडळात वाजवणार आहो मी. आजोबाच्याच पेटीवर. पण हे काहून घुमते?"

आधी बोर्ड, मग पेटी

बाबांची एक सवय होती. कोणाचाही रेडिओ बिघडो, ते आधी भिंतीवरचा बोर्ड उघडून पाहत. मीही मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि बोर्ड उघडला. आत जे दिसले त्याने माझ्या अंगावर काटा आला. तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरच्या अर्थिंगच्या भोकाला खरी अर्थिंगची तार नव्हतीच. त्याऐवजी बोटभर तारेचा तुकडा घेऊन अर्थिंगचे टोक शेजारच्या न्यूट्रलला जोडलेले होते.

"हे कोनं केलं?"

"म्याच. असं केलं का घूं कमी होते, काका. समदे असंच करतेत."

तुम्हीही ऐका. सगळे चालू असते तेव्हा न्यूट्रलची तार निरुपद्रवी वाटते. पण वाऱ्या-वादळाने किंवा गंजाने ती खांबावर किंवा मीटरजवळ तुटली तर काय होते? घरात एखादा दिवा जरी चालू असला तरी फेजचा करंट त्या दिव्यातून न्यूट्रलच्या तारेत येतो, पुढे वाट नसते, आणि त्या तुकड्यावाटे तो पेटीच्या पत्र्यावर चढतो. पत्र्याला गिटारच्या तारा जोडलेल्या असतात. त्या तारांवर पोराची बोटे असतात आणि ओठ माइकला टेकलेले असतात. दुरुस्ती करताना कोणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली तर तार तुटायचीही गरज नाही. २३० व्होल्ट सरळ हातात.

मी तो तुकडा काढून पोराच्या तळहातावर ठेवला आणि बाकीचे समजावून सांगितले. ते ऐकून वहिनी खाटेवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

तुकडा काढल्यावर पेटी जास्तच घुमू लागली. पोरगा म्हणाला, "पाहा, वाढली ना!" मी म्हटले, "बाळा, पान पिवळे पडले म्हणून त्याला हिरवा रंग लावतो का आपण? घुमणे हे लक्षण आहे. रोग वेगळा आहे."

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन बोलावला. अंगणात खोल खड्डा घेतला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले, पाणी सोडले आणि तिथून जाड तार थेट बोर्डापर्यंत आणली. मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पिअरचे गळती ओळखणारे स्विचही बसवले. करंट जमिनीत गळू लागला की ते क्षणात वीज तोडते. एवढे झाले तेव्हा पेटी थोडी निवली, पण घूं गेली नाही.

घूं ओळखायची कशी

इथून खरे निदान सुरू होते. 'दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला' असे होऊ नये म्हणून आधी रोग कुठे आहे ते पाहायचे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. त्यामुळे घूं दोन प्रकारची असते. एक ५० ची, खोल आणि मऊ, खर्जासारखी. दुसरी १०० ची, थोडी वरची आणि खरखरीत. ईझेड८१ सारखा व्हॉल्व्ह विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका दिशेने वळवतो, म्हणून पुढे सेकंदाला १०० उचक्या येतात. त्या उचक्या कॉन्डेन्सर आणि चोक यांनी सपाट करायच्या असतात. शेततळ्यात मोटारीचे पाणी धक्क्याधक्क्याने पडते, पण पाटातून मात्र संथ वाहते. कॉन्डेन्सर म्हणजे ते शेततळे.

'बास कमी करून टाकू, घूं जाईल,' असे कोणी सांगेल. ते करू नये. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा आणि तिच्या शेजारच्या तारेचा ११०. शंभराची घूं नेमकी या दोघींच्या मधे बसते. तण मारायला जाल तर पीकही जाईल.

आम्ही पहिली परीक्षा केली. आवाजाचे बटण पूर्ण शून्यावर आणले. घूं तेवढीच राहिली. म्हणजे रोग बटणाच्या पुढच्या बाजूला, शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा वीजपुरवठ्याच्या भागात होता. बटण वाढवले की घूं वाढली असती, तर रोग पहिल्या व्हॉल्व्हकडे किंवा गिटारच्या तारेकडे शोधला असता.

दुसरी परीक्षा अशी. पेटी बंद केली, थंड होऊ दिली, छोटे व्हॉल्व्ह काढले आणि पुन्हा चालू केली. घूं तशीच. म्हणजे छोटे व्हॉल्व्ह निर्दोष. एक मात्र ध्यानात ठेवा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हची पेटी कधी चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

राहिला कॉन्डेन्सर. इतक्या वर्षांत त्याच्या आतला ओलावा सुकतो, आणि माळ्यावर वऱ्हाडातला उन्हाळा सोसल्यावर तर विचारूच नका. तो वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ असतो, घुंगुर्डा लागलेल्या ज्वारीसारखा.

पेटी उघडण्यापूर्वी हे वाचा

पिन काढली म्हणजे पेटी मेली असे समजू नका. कॉन्डेन्सरमध्ये ३०० व्होल्टपर्यंत वीज साठून राहते आणि ती काही वेळा तासन् तास टिकते. ती माणूस मारू शकते. म्हणून पिन काढून थांबावे. मग दहा हजार ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्याने चॅसी आणि कॉन्डेन्सर यांच्यामध्ये दहा-पंधरा सेकंद लावावा, आणि मीटरने शून्य दिसल्यावरच हात घालावा. पायात चप्पल असावी, एक हात पाठीमागे असावा आणि घरात दुसरे माणूस असावे. ज्याला हे जमत नाही त्याने उघडूच नये, जाणत्याकडे द्यावे. यात कमीपणा नाही.

आम्ही पहिला कॉन्डेन्सर सोडवला. बुडाशी पांढरी भुकटी आली होती. त्या जागी ४७ मायक्रोफॅरॅडचा, ४५० व्होल्टचा नवा बसवला. पोरगा म्हणाला, "दोनशेचा टाकू, घूं पार मरेल." मी हात धरला. ईझेड८१ ला पहिला कॉन्डेन्सर ५० पर्यंतच झेपतो. त्याहून मोठा लावला तर चालू होताना इतका करंट ओढला जातो की व्हॉल्व्हच जातो. युरियाच्या एका पोत्याऐवजी चार टाकली म्हणून कापूस चौपट येत नाही. पुढचे दोन कॉन्डेन्सरही त्याच वयाचे, म्हणून तेही बदलले.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा तारेचा बल्ब पेटीच्या आधी मालिकेत जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि तसाच राहतो, पेटी वाचते. आमचा बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. मग बल्ब काढून पेटी सरळ लावली. शंभराची घूं गेली होती.

उरलेली घूं

आता बटण वाढवले की खोल, ५० ची घूं ऐकू येत होती. ती व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांची. बाबांनी त्या काळच्या रेडिओच्या पद्धतीने तापतारेचे एक टोक चॅसीला जोडून दिले होते. भजनाच्या माइकला ते चालून गेले, पण गिटारला नाही. आम्ही ते टोक सोडवले, दोन तारांना दाव्यासारखा पीळ देऊन त्या चॅसीच्या कोपऱ्यातून नेल्या आणि १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स दोन्ही टोकांपासून चॅसीला जोडले. दोन्ही बाजूंची घूं एकमेकींना खाऊन टाकते.

मग गिटारच्या सॉकेटपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत जाळीची तार घातली आणि जाळी एकाच टोकाला चॅसीला जोडली. पेटीत जागोजागी चॅसीला लावलेल्या तारा एका ठिकाणी आणल्या. शेवटी गिटार उघडली. तिच्या पुलाला जाणारी बारीक तार तुटलेली होती. ती डाग देऊन जोडल्यावर तारांना बोट लागताच उरलीसुरली घूं दबली. या तारेमुळेच वाजवणाऱ्याचे बोट पेटीच्या अर्थिंगला जोडले जाते, आणि म्हणूनच ती अर्थिंग खोटी असून चालत नाही.

प्रतिपदेच्या रात्री पोराने भजनाच्या मागे हळूच साथ केली. मृदंग आणि टाळ यांच्यात ती गिटार परकी वाटली नाही. म्हाताऱ्या मंडळींपैकी एकाने पेटीकडे पाहून विचारले, "ही तुह्या आजोबाची ना?" तेवढ्यात पोराचे सगळे जागरण फिटले. स्पीकरला कान लावला तर आजही बारीक घूं ऐकू येते. तेवढी राहू दिली आहे.

आता तुमच्या विहिरीकडे

बंधूंनो, त्या बोटभर तारेचा तुकडा मी घरी आणून टेबलावर ठेवला आहे. कारण तो तुकडा फक्त आमच्या घरात होता असे नाही. शेतावर फिरताना मी स्टार्टरच्या पेट्या पाहतो. कुठे अर्थिंगची तार गंजून तुटलेली, कुठे ती न्यूट्रलला बांधलेली, तर कुठे खुंटीसारखी हवेत लोंबणारी. रात्रीच्या पाळीला ओल्या वाफ्यात उभे राहून आपण त्याच लोखंडी पेटीला हात लावतो.

हरभऱ्याला पाणी द्यायला जाल त्याच्या आधी एक दिवस उजेडी काढा. मेन बंद करून वायरमनकडून मोटारीची, स्टार्टरची आणि घराची अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. स्टार्टरला हात लावताना मुंग्या आल्या, मोटार घुमली पण फिरली नाही, भोंगा घूं घूं करू लागला, तर 'चालते तोवर चालू द्या' म्हणू नका. यंत्र बोलून सांगत असते. ऐकणारे माणूस घरात पाहिजे.