प्रमाण : लघुलोहमार्गाच्या प्रतिकृतींविषयीं एक टिपण

प्रस्तुत टिपणाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्या पृष्ठांवर ताम्रपट, सनदा, महजर व बखरी यांची चिकित्सा व्हावयाची, तेथें आगगाडीच्या खेळण्यांची कथा कशास, असा प्रश्न कोणीं केल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु गेलीं नऊ वर्षें, म्हणजे शाळेंतून निवृत्त झाल्यापासून, आम्ही आमच्या घराच्या माडीवर बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहान स्टेशनाची प्रतिकृति उभारीत आहों. त्या उद्योगांत ज्या अडचणी आल्या, त्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्याच्या अडचणींहून फारशा वेगळ्या नाहींत, असें आमच्या अनुभवास आलें. सबब हें टिपण.

प्रतिकृति करण्याची हौस नवी नव्हे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकास नांवच चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाड्यावरून मिळालें; आणि नगर जिल्ह्यांत दायमाबाद येथें १९७४ सालीं सांपडलेला बैलजोडीचा धातूचा रथ तर त्याहूनहि कितीतरी जुना. मात्र अशा वस्तु रूप दाखवितात, माप दाखवीत नाहींत. आमच्या शिल्पशास्त्रकारांनीं आठ यवांचें एक अंगुल धरून मूर्तींचीं मापें बांधून दिलीं, त्यांत मापाचा विचार आहे. पण तो मूर्तीच्या अवयवांच्या परस्परसंबंधाचा. एखादी प्रत्यक्ष असलेली वस्तु घेऊन तिचें प्रत्येक अंग एकाच भाजकानें लहान करावयाचें, ही कल्पना निराळी. लघुलोहमार्गाची सर्व विद्या या एका भाजकावर उभी आहे.

आम्हीं घेतलेला भाजक ८७. मूळ वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतींत साडेतीन मिलिमीटर. या मापास 'एच्. ओ.' म्हणतात, पूर्वींच्या 'ओ' मापाचें अर्धें, हा त्या अक्षरांचा अर्थ. या मापांत साडेपांच फूट उंचीचा मनुष्य एकोणीस मिलिमीटरांचा होतो, आणि एक मैल अंतर सुमारें साडेअठरा मीटरांचें. म्हणजे कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा मार्ग यथाप्रमाण मांडावयाचा तर सहाशें मीटर लांबीची माडी हवी. आमची फळी बारा फुटांची. तिच्यावर मूळ स्टेशनाच्या आवाराचा जेमतेम तीनशें मीटरांचा भाग बसतो, तोहि दोन्ही टोकांस छाटून. वस्तूंस प्रमाण लागू करावें आणि अंतराचा संक्षेप करावा, ही तडजोड या विद्येंत सर्वांनाच करावी लागते. ती उघडपणें सांगितली म्हणजे दोष उरत नाहीं. वजनाची गोष्ट आणखी गंमतीची. लांबी ८७ नीं भागली तर वजन ८७ च्या घनानें भागलें जातें. तीस टनांच्या इंजिनाचे उरतात सुमारें ४५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार तोळे. एवढ्या हलक्या इंजिनाचीं चाकें रुळांवर नुसतीं गरगर फिरतात, डबे ओढीत नाहींत. म्हणून त्याच्या पोटांत शिसें भरावें लागतें.

आपल्या देशांतील हौशी मनुष्याची पहिली फसगत रुळांच्या रुंदींत होते. बाजारांत मिळणारे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे. त्यांस ८७ नीं गुणिलें तर येतात १४३५ मिलिमीटर, हें इंग्लंड-युरोपांतील प्रचलित अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा. ८७ च्या प्रमाणांत तो १९.२६ व्हावयास पाहिजे. अर्थात् जो कोणी तयार रुळांवर दख्खनची राणी पळवितो, तो ती साडेनऊ इंच अरुंद मार्गावरून पळवितो. डबे आपले, रंग आपला, पाट्या मराठी, आणि मार्ग मात्र परदेशचा! पाहणाऱ्यास हें कळत नाहीं. आणि म्हणूनच शंभर वर्षांनीं अशी प्रतिकृति कोणी पुरावा म्हणून पुढें केल्यास ती घातक ठरेल.

इंग्लंडांत हा दोष निराळ्या वाटेनें शिरला. तेथील इंजिनें युरोपांतल्या इंजिनांहून अंगानें लहान, त्यामुळें साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत त्या काळचीं यंत्रें मावेनात. तेव्हां इंजिन-डब्यांचें प्रमाण फुटास चार मिलिमीटर असें वाढविलें, आणि रूळ मात्र होते तेच ठेविले. हॉर्न्बीची 'डब्लो' गाडी १९३८ सालीं निघाली ती याच मिश्र मापाची. परिणामीं चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग चार फूट दीड इंचाचा झाला. एका लेखकाचा प्रमाद पुढच्या प्रत्येक प्रतींत उतरावा, आणि अखेर तोच मूळ पाठ ठरावा, तशांतलाच हा प्रकार. शुद्ध पाठाचा आग्रह धरणारी मंडळी तेथें पुढें निघाली, तीं १८.८३ मिलिमीटर अंतराचे रूळ स्वतः हातानें बसवितात. परंतु बहुसंख्य लोक आजहि त्या प्रमादावरूनच गाड्या चालवितात व सुखी असतात.

त्याच देशांत या छंदास इतिहाससाधनाची प्रतिष्ठा देणारा एक पुरुष होऊन गेला, त्याचा उल्लेख अवश्य आहे. रॉय इंग्लंड हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो १९२५ सालीं इंग्लंडांत आला आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्यांतील जुनीं गवती छपराचीं घरें पाहून त्यांत गुंतला. तीं घरें त्याच्या डोळ्यांदेखत पडत वा बदलत होतीं. त्यानें तीं मोजून, त्यांच्या नोंदी करून, पुठ्ठ्याच्या लहान प्रतिकृति करावयास आरंभ केला. त्यांतून लाँग विटनहॅम गांवीं १९५४ सालीं पेंडन संग्रहालय उभें राहिलें. तेथें आगगाड्या आहेतच. पण खरा ठेवा आहे तो दोन महायुद्धांमधल्या काळांतील एका खेडवळ प्रदेशाचा. जॉन अहर्न यानें रचिलेला 'मॅडर व्हॅली' नांवाचा पूर्णतया कल्पित लोहमार्गहि त्याच संग्रहालयांत जतन केलेला आहे. एका छपराखालीं बखर आणि कादंबरी अशा दोन्ही नांदत आहेत. घोंटाळा होत नाहीं, कारण कोणती कोणती तें स्पष्ट सांगितलेलें आहे. आपल्याकडे पुण्यांत कोथरुड येथें १९९८ सालीं जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय सुरू झालें. त्यांतील नगर कल्पित असून तें तसेंच म्हणून दाखविलें जातें.

आम्हीं बार्शी लाइट रेल्वे निवडिली, त्यास भावना व गणित अशीं दोन कारणें. गणिताचें आधीं. तो मार्ग अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा. ८७ नीं भागितां पावणेनऊ मिलिमीटर येतात. नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात. मूळ मापांत फरक अवघा एकवीस मिलिमीटरांचा. ब्रॉडगेजला जें शुद्ध रूप तयार मिळत नाहीं, तें या उपेक्षित नॅरोगेजला आपोआप मिळतें. भावनेचें कारण एवढेंच, कीं लहानपणीं आम्ही वडिलांबरोबर याच गाडीनें पंढरपुरास गेलों होतों.

या मार्गाचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो पूर्वीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत होता. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, असा त्याचा नेम. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि पुरेसा माल नेतां येई. पहिला भाग बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा १८९७ सालीं सुरू झाला. पुढें १९०६ त पंढरपूर, १९११ त लातूर व १९२७ त मिरज, असा मार्ग दोनशें मैलांवर वाढला. १९५४ सालीं तो सरकारनें घेतला, आणि चालू शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानें त्याचा ब्रॉडगेज झाला. जुने रूळ निघाले. त्यांबरोबर बरेंच कांहीं गेलें. (हाच कॅलथ्रॉप पुढें विमानांतून उडी घेण्याच्या छत्रीचाहि संशोधक झाला, तिला त्यानें 'गार्डियन एंजल' असें नांव दिलें होतें. आमच्या विषयाशीं याचा संबंध नाहीं, पण लिहिल्यावांचून राहवलें नाहीं.)

आतां आमची दिनचर्या. सकाळीं स्नान-पूजा आटोपल्यावर प्रथम रूळ पुसावयाचे. बारा व्होल्टांचा विजेचा प्रवाह रुळांतूनच इंजिनाच्या चाकांत जातो. केसाएवढी धूळ आली कीं गाडी अडते. पावसाळ्यांत प्लायवुड फुगतें व सांधे हलतात, उन्हाळ्यांत तेंच आकसतें. वर्षांतून दोनदां सांधे नव्यानें बसवावे लागतात. डब्यांच्या भिंती आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या करतों. तसा कडक व गुळगुळीत कागद विकत आणावयाचा म्हटला तर परवडत नाहीं, आणि लग्नपत्रिकांस आमच्या घरीं तोटा नाहीं. सोलापूरकडची काळी माती दाखविण्यास चहाचा चोथा धुऊन, वाळवून, चाळून घेतला असतां त्यासारखें दुसरें कांहीं नाहीं. तो गच्चींत वाळत पडतो, आणि त्यावरून घरांत जें बोलणें होतें तें येथें नमूद करण्याचें कारण नाहीं. माणसें जर्मनींतून तयार येतात, टोपी-पाटलोण घातलेलीं. एकोणीस मिलिमीटरांच्या त्या साहेबाची टोपी तासून, वर दोऱ्याचा फेटा बांधून व पातळ कागद चिकटवून त्याला धोतर नेसवावें लागतें. एका वारकऱ्यास आमचे दोन दिवस जातात. आजवर एकतीस झाले.

आतां ज्या प्रसंगासाठीं हें टिपण लिहावयास घेतलें, तो सांगतों.

स्टेशनाच्या इमारतीकडे तोंड करून उभें राहिलें असतां इंजिनास पाणी देण्याची टांकी डाव्या हातास होती, असें आम्हांस अंधुक आठवत होतें. त्या भागांत पूर्वीं काम केलेल्या एका वृद्ध गँगमननेंहि तसेंच सांगितलें. पुढें एका संग्राहकाच्या कृपेनें त्या स्टेशनाचें जुनें छायाचित्र मिळालें. त्यांत टांकी उजवीकडे! न्यायशास्त्रांत स्मृतीस प्रमेमध्यें स्थान नाहीं, हें आम्हीं विद्यार्थ्यांस अनेक वर्षें शिकविलेलें. त्यास अनुसरून आम्हीं आपली आठवण बाजूस सारली, गँगमनचा शब्द वार्धक्याच्या खातीं मांडला, आणि छायाचित्र प्रत्यक्षच मानून टांकी उजवीकडे उभारिली. टांकी, तिचे दगडी खांब, नळ, शेजारचा कोळशाचा ढीग, या सर्वांस आठ महिने लागले.

एके दिवशीं चोथ्याची तक्रार घेऊन आमच्या गृहिणी माडीवर आल्या. तें छायाचित्र मेजावर होतें. तें हातांत घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, या सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर कसे?" आम्ही म्हणालों, "गुजराथी असतील. त्या घेतात तसा पदर." त्यावर त्यांनीं, "काष्टा घातलेल्या गुजराथणी कुठें पाहिल्यात?" असें विचारून छायाचित्र खालीं ठेविलें, आणि चोथ्याविषयीं कांहीं न बोलतां त्या गेल्या.

आम्ही भिंग घेऊन बसलों. फलाटावर पांच स्त्रिया. पांचहि नऊवारी काष्ट्याच्या, आणि पांचहि जणींचा पदर उजव्या खांद्यावर. शेजारीं कोट घातलेले दोन गृहस्थ. दोघांच्याहि कोटाची उजवी बाजू डाव्या बाजूवर आलेली. स्टेशनाची पाटी चौकटीबाहेर राहिलेली, आणि डब्यावरचीं अक्षरें पुसट, म्हणून तीं उलटीं आहेत हें कोणाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. कोणीं तरी छापतांना काच उलटी धरिली होती. आमचें 'प्रत्यक्ष' आरशांतलें निघालें. आणि ज्यास आम्हीं म्हातारचळ म्हटलें, तो आप्तवाक्याचा खरा नमुना होता. तो वृद्ध तोंपर्यंत वारला होता. त्याच्याकडे जाऊन चूक कबूल करण्याची सोय उरली नाहीं. टांकी त्याच आठवड्यांत उपटली.

तेव्हांपासून आम्ही एक वही ठेवितों. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत ज्या पाठाविषयीं संपादकास पुरता निश्चय नाहीं, त्या पाठाखालीं नागमोडी रेघ दिलेली असते. तीच खूण आम्हीं उचलिली. फळीवरील प्रत्येक वस्तूची वहींत नोंद आहे. ती कोठून घेतली, कोणीं सांगितली, केव्हां, हें पुढें लिहिलें आहे, आणि जेथें केवळ अनुमान वा आठवण आहे तेथें नागमोडी रेघ. इमारतीच्या पायाचें माप आम्हीं स्वतः टेपनें घेतलें. तेथें रेघ नाहीं. खिडक्यांची उंची विटांच्या थरांवरून काढिली, तेथें आहे. टांकी डावीकडे, तिलाहि आज रेघ नाहीं. पुढें त्या गँगमनचें नांव लिहिलें आहे.

डब्यांच्या रंगाची ओळ मात्र आरंभापासून शेवटपर्यंत नागमोडी आहे. छायाचित्रें काळींपांढरीं. आमच्या आठवणींत ते डबे तांबडे आहेत. वडील नेहमीं पिवळसर म्हणत. एक डबा तांबडा व एक पिवळा असे दोन्ही रंगवून आम्हीं ते सध्यां बाजूच्या रुळावर उभे केले आहेत.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं सोलापूर, लातूर व सांगली या भागांतील घराण्यांचीं दप्तरें आहेत. त्यांत बार्शी लाइट रेल्वेचें तिकीट, वेळापत्रक, मालाची पावती, अगर वऱ्हाड स्टेशनावर उतरल्याचें छायाचित्र, असें कांहीं आढळल्यास तें टाकाऊ समजून रद्दींत देऊं नये, आणि मंडळास अवश्य कळवावें. छायाचित्राची मूळ काच अगर फिल्म असेल तर तीहि जपावी. आणि त्या गाडीनें प्रवास केलेलें कोणी माणूस घरांत अद्याप असल्यास, डबे कोणत्या रंगाचे होते, एवढें त्यांस आधीं विचारून मग छायाचित्र दाखवावें.